एकतिसावी तळटीप

“बाई, असाल तशा वर या. आणि कुणाला काही बोलू नका.”

विभागप्रमुखांचा फोन सकाळी सव्वानऊला आला. ग्रंथपाल बाईंचा चष्मासुद्धा अजून पुसून झाला नव्हता. ‘कुणाला काही बोलू नका’ म्हणजे निम्म्या इमारतीला कळलंय, हे त्यांनी जिना चढता चढताच ओळखलं.

तिसऱ्या मजल्यावरच्या जुन्या कागदपत्रांच्या खोलीत टेबलावर पत्र्याची पेटी उघडी होती. आत निळ्या कापडी बांधणीच्या वह्या, पाठी वर करून ओळीनं लावलेल्या. प्रत्येक पाठीवर पिवळी पडलेली चिठ्ठी, चिठ्ठीवर चिनी अक्षरं. विभागप्रमुखांनी सहावी वही काढून बाईंच्या हातात दिली.

बाईंनी पहिलं पान उलटलं. कोरं. शेवटचं कोरं. मधली सगळी कोरी.

“खरी वही गेली,” विभागप्रमुख म्हणाले. “ही तिच्या जागी ठेवलीय.”

त्या नऊ वह्या म्हणजे विभागातून निवृत्त झालेल्या सरांचं आयुष्य होतं. चाळीस वर्षांपूर्वी सर चीनमधल्या एका आडबाजूच्या जिल्ह्यात दोन वर्षं राहिले होते. तिथल्या कचेरीत निर्णय नेमके कोण घेतं, हे त्यांनी माणसामाणसाला भेटून विचारलं आणि या वह्यांत उतरवलं. त्यावर ग्रंथ झाला. ग्रंथावर प्राध्यापकपद मिळालं. चीनच्या राजकारणावर काही बोलायचं असलं की परदेशी परिषदांना सर लागायचे. विभागप्रमुख त्यांचेच विद्यार्थी. आज चार वाजता वह्या समारंभानं विद्यापीठाच्या स्वाधीन व्हायच्या होत्या, आणि पुढच्या महिन्यात त्यांचं पान न् पान इंटरनेटवर जाणार होतं.

“सरांना कळवलंत?”

“लगेच. काय तोंडानं सांगितलं ते माझं मला माहीत.”

“काय म्हणाले? शब्द न् शब्द सांगा.”

“मी म्हटलं, सर, पेटीतली एक वही गेली. ते म्हणाले, बाकीच्या आठ आहेत ना, मग कार्यक्रम होऊ दे. मी म्हटलं, नानांवर संशय आहे, संध्याकाळपर्यंत निलंबनाचं पत्र काढतो. त्यावर बराच वेळ गप्प बसले आणि फोन ठेवला. धक्का बसला असणार.”

नाना दाराशी उभे होते. तीस वर्षं या विभागाचे शिपाई, खोलीची किल्ली त्यांच्याच कमरेला, निवृत्तीला तीन महिने राहिलेले. त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी वहीकडे पाहिलं.

“तुम्ही नानांना इतकी वर्षं ओळखता,” विभागप्रमुखांनी विचारलं. “करतील असं?”

“माणसाचं काय सांगावं,” बाई म्हणाल्या.

बोलून गेल्या आणि जीभ चावली. बाहेरच्या एका संशोधकानं महिनाभर या वह्यांसाठी खेटे घातले होते आणि नाना त्याला चहा द्यायचे, एवढंच त्यांच्या मनात आलं होतं. पण नानांची मान खाली गेली होती. सुटलेला शब्द काही परत येत नाही.

चुकलेलं निस्तरायचं तर कामाला लागणं भाग होतं. बाई खुर्ची ओढून बसल्या.

“नाना, पेटी कधी आली?”

“सोमवारी. साहेब आणि सर दोघं होते. मी नुसती उचलून आणली.”

“मग?”

“इथंच कुलूप लावलं. झाकणावर कागदाची पट्टी चिकटवली. दोघांनी पट्टीवर सह्या केल्या. सरांनी त्यांच्या शाईच्या पेनानं केली.”

“त्यानंतर खोलीत कोण आलं?”

“कुणी नाही. मी सकाळी झाडायला येतो, तेवढाच.”

“किटली घेऊन?”

नानांनी वर पाहिलं. “बाई, तुम्हीपण?”

“विचारावं लागतं, नाना.”

“साहेबांच्या चहाची किटली हातात असते. ती बाहेर ठेवून झाडू का?”

“तेच तर,” विभागप्रमुख मध्येच म्हणाले. “वाफेवर पट्टी सोडवली, वही बदलली, पट्टी परत चिकटवली. आज सकाळी मी फाडली तेव्हा ती जशीच्या तशी होती.”

पट्टीचे दोन तुकडे टेबलावरच पडले होते. बाईंनी ते जुळवून पाहिले. विभागप्रमुखांची सही बॉलपेनची, सरांची निळ्या शाईची. दोन्ही स्वच्छ.

“पेटी बंद करताना वह्या मोजल्या होत्या?”

“म्हणजे काय! नऊ पाठी मोजल्या. यादीशी ताडून.”

“उघडून पाहिल्या?”

“सरांच्या देखत? मी काय त्यांच्यावर अविश्वास दाखवू?”

बाईंनी कोरी वही पुन्हा हातात घेतली. कागद कडेनं तपकिरी झाला होता. मागच्या पुठ्ठ्याच्या आत दुकानाचा लाल शिक्का होता, तोही चिनी. शेजारच्या सातव्या वहीतही तोच शिक्का होता. मग त्यांनी पाठीवरच्या चिठ्ठीवरून नख फिरवलं. चिठ्ठी जुनी होती, पण तिच्या कडेला सुकलेला डिंक पांढरा आणि ताजा दिसत होता.

“नाना, किटली आणा बरं,” त्या म्हणाल्या. “गरम.”

त्यांनी सरांच्या पेनाच्या जातीचंच आपलं पेन काढलं, एका चिठोऱ्यावर सही केली, ती वाळू दिली आणि वाफेवर धरली. मिनिटभरात शाई पसरून सहीला मिशा फुटल्या. विभागप्रमुखांनी चिठोरा पाहिला आणि पट्टी पाहिली. चूक कबूल करणं हा विषय त्यांनी पीएचडीला घेतला नव्हता.

“मग नानांनी दुसरी काहीतरी युक्ती केली असेल,” ते शेवटी म्हणाले.

चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची ठरली की दोर कुठूनही मिळतो. बाई उठल्या.

खाली येऊन त्यांनी सरांच्या घरी फोन लावला. काकूंनी उचलला.

“काकू, पेटी कुणी भरली?”

“ह्यांनीच. मला हात लावू देतात होय? आणि मला त्या सगळ्या वह्या सारख्याच. ती अक्षरं बघितली की मला मुंग्या दिसतात.”

“कधी भरली?”

“रविवारी. अख्खा दिवस दार लावून बसले होते. मी म्हटलं, पोरीची पाठवणी करताना इतका वेळ लावला नव्हता! तर हसलेसुद्धा नाहीत. का गं, काय झालं?”

“काही नाही, काकू. चारला या.”

बाई एकेकाळी सरांच्याच वर्गात बसल्या होत्या. सर शिकवायचे, की बंद दाराआडचं राजकारण वाचायचं तर छापलेल्या ओळी पुरत नाहीत. फोटोत कोण आहे ते नंतर बघा, कोण नाही ते आधी बघा. काय म्हटलं ते नंतर, काय म्हणायचं टाळलं ते आधी. बाईंना पुढं चीन फारसा उपयोगी पडला नाही, पण ही सवय ग्रंथालयात आणि संसारात दोन्हीकडे कामाला आली.

त्यांनी कपाटातून सरांचा ग्रंथ काढला. पहिली आवृत्ती, मग दुसरी. दोन्ही शेजारी ठेवून तळटिपांवरून बोट फिरवत गेल्या. चौथं प्रकरण आलं. याच प्रकरणानं सरांचं नाव झालं होतं. त्या कचेरीत बैठकीचं इतिवृत्त बैठकीच्या आदल्या दिवशीच लिहून तयार असतं, हे सरांनी त्यात दाखवून दिलं होतं.

दुसऱ्या आवृत्तीत तिसाव्या टिपेनंतर बत्तिसावी टीप होती.

बाईंनी पहिल्या आवृत्तीतली एकतिसावी वाचली. फक्त दोन ओळी. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि त्या पुन्हा वाचल्या.

साडेतीन वाजता सर सभागृहामागच्या छोट्या खोलीत एकटेच बसले होते. इस्त्रीचा सदरा, मांडीवर कापडी पिशवी. बाईंनी आत येऊन दार लोटलं.

“सर, वही तुम्ही काढलीत.”

सरांनी पिशवी पोटाशी ओढली.

“पट्टीवरची तुमची सही स्वच्छ आहे. म्हणजे पट्टी लागल्यावर तिला कुणी वाफ दिली नाही. वही त्याआधीच बदलली होती, आणि त्याआधी पेटी तुमच्या घरी होती. कोरी वही इथल्या बाजारातली नाही, त्याच दुकानातली आहे. तिकडून आणलेल्यांतली एक कोरी राहिलेली वही तुमच्याशिवाय कुणाकडे असणार? रविवारी दिवसभर बसून तुम्ही जुनी चिठ्ठी सोडवलीत आणि कोऱ्या वहीवर डकवलीत. काकूंनी केलं म्हणावं, तर त्यांना ती अक्षरं वाचता येत नाहीत.”

“एवढ्यावरून?”

“नाही. तुम्ही सकाळी फोनवर एक गोष्ट विचारली नाहीत. ज्याची आयुष्यभराची वही गेली, तो पहिल्यांदा विचारेल, कोणती गेली? तुम्ही विचारलं नाहीत, कारण तुम्हाला माहीत होतं.”

सरांच्या चेहऱ्यावर क्षणभर जुनं, शिक्षकाचं समाधान दिसलं आणि लगेच मावळलं.

“कारण काय, तेही शोधलं असशील.”

“‘माहिती देणारा चारही बैठकांत दाराजवळच्या पडद्यामागे उभा होता. वही सहा.’ एकतिसावी टीप. दुसऱ्या आवृत्तीत ती नाही.”

सर पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिले.

“पाणी द्यायचा तो,” ते म्हणाले. “बैठकीत साहेबलोकांच्या पेल्यात गरम पाणी ओतायचा. त्याला सगळं ऐकू यायचं आणि तो कुणाला दिसायचा नाही. मला त्यानं सगळं सांगितलं. नाव लिहू नका, एवढंच मागितलं. मी नाव लिहिलं नाही.”

“मग?”

“हस्तलिखिताच्या परीक्षकांनी विचारलं, ही ऐकीव माहिती कशावरून नाही? हा माणूस खोलीत होता याला पुरावा काय? मी पुरावा दिला. अभिमानानं दिला. दाराजवळच्या पडद्यामागे कचेरीत एकच माणूस उभा राहायचा, हे लिहिताना माझ्या डोक्यात आलं नाही.” सर थांबले. “हे मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलोय. खरं सांगू? आलं होतं. पण इतक्या लांबचं पुस्तक तिथं कोण वाचणार, असं म्हटलं.”

बाई समोरच्या खुर्चीत बसल्या.

“पुस्तक निघाल्यावर तीन वर्षांनी परत गेलो. पाणी द्यायला दुसराच होता. घर शोधून काढलं. त्याच्या बायकोनं दार उघडलं, मला खुर्ची दिली, पेलाभर गरम पाणी दिलं. म्हणाली, ‘चौकशीत त्यांना तुमचं वाक्य वाचून दाखवलं. तो पडदा लिहायलाच हवा होता का?’ मी काय म्हणालो असेन?”

“काय?”

“म्हणालो, परीक्षकांनी विचारलं होतं.”

बाहेर कुणीतरी माईक ठोकून पाहत होतं.

“सहाव्या वहीत त्याचं नाव आहे. आणखी तिघांची आहेत. त्यांची मुलं-नातवंडं असतील. हे लोक सगळं इंटरनेटवर टाकायला निघालेत. नको म्हटलं असतं, तर का, ते सांगावं लागलं असतं.” त्यांनी पिशवीवर हात ठेवला. “जाळायला घेतली होती. हात धजला नाही. त्या माणसाचे शब्द दुसरीकडे कुठंच नाहीत.”

“वही काढलीत ते बरोबरच केलंत, सर. पण सकाळी तुम्हाला नानांचं नाव सांगितलं होतं.”

“हो.”

“मग?”

“वाटलं, एवढा कार्यक्रम पार पडू दे. मग सांगेन.”

“त्या वेळीही ‘एवढं पुस्तक निघू दे’ असंच वाटलं असेल. आणि याही वेळी दाराशी उभा राहणारा माणूसच सापडला तुम्हाला.”

सरांनी डोळे मिटले. बाईंना आपलं सकाळचं वाक्य आठवलं आणि आवाजातली धार गेली. “मीही फार वेगळी वागले नाही,” त्या म्हणाल्या. “चला, सर. चार वाजले.”

सभागृह भरलं होतं. विभागप्रमुखांनी सरांच्या ग्रंथांची, पदांची, परिषदांची लांबलचक यादी वाचली. टाळ्या झाल्या. सर माईकपाशी आले. खिशातलं भाषण त्यांनी काढलंच नाही.

“वही नानांनी नेलेली नाही,” ते म्हणाले. “मी नेली. ती या पिशवीत आहे आणि ती मी देणार नाही.”

विभागप्रमुखांचं तोंड उघडं पडलं ते तसंच राहिलं. सरांनी सगळं सांगितलं. पडदा सांगितला, परीक्षकांचा प्रश्न सांगितला, बायकोनं दिलेलं पाणी सांगितलं. पहिल्या रांगेत काकूंनी पदर तोंडाशी धरला होता. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी हे पहिल्यांदाच ऐकलं.

“ज्या प्रकरणामुळे तुम्ही मला इथं बसवलंत,” सर शेवटी म्हणाले, “त्याची किंमत दुसऱ्या माणसानं दिली. आज सकाळी आणखी एकाला द्यायला लावत होतो. नाना, मला माफ करा.”

मागून एका विद्यार्थिनीनं हात वर केला. “सर, त्या माणसाचं नाव काय होतं?”

सरांचे ओठ हलले. नाव अगदी जिभेवर आलेलं दिसत होतं. मग त्यांनी मान हलवली.

“ते एवढं तरी माझ्याकडेच राहू दे.”

टाळ्या वाजल्या नाहीत. लोक उठून हळूहळू बाहेर पडले. बाई खुर्च्यांच्या रांगांतून मागच्या दाराकडे गेल्या. नाना तिथंच उभे होते, हातात पाण्याच्या पेल्यांचा ट्रे.

“नाना, सकाळी मी जे बोलले—”

“जाऊ द्या, बाई. सुटलो ना.” नानांनी ट्रे खाली ठेवला. थोडा वेळ ते मंचावर एकट्याच बसलेल्या सरांकडे पाहत राहिले. “मला एक सांगा. त्या माणसाचं पुढं काय झालं? त्या पाणीवाल्याचं? घरी आला का परत?”

बाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. पट्टी, शाई, डिंक, शिक्का, टीप, सगळं त्यांनी शोधलं होतं. सरांनी फोनवर काय विचारलं नाही, तेही शोधलं होतं.

“माहीत नाही,” त्या म्हणाल्या. “मी विचारलंच नाही.”

नानांनी एक पेला उचलला आणि तो सरांना द्यायला मंचाकडे निघाले.