खांद्यावरचा दोरा

टेक एक. (जुई मुलाखतींत सांगते तो.)

कोल्हापूर. शाळेचं सभागृह. सिनेमासाठी लहान मुलगी शोधायला माणसं आलेली. निवड जवळजवळ झालेली, मोठ्या बहिणीची, अनघाची. ऐन वेळी अनघाला ताप भरला आणि नऊ वर्षांची जुई तिच्या जागी उभी राहिली. ताईचे संवाद ऐकून ऐकून तिला पाठ होते. पुढचं सगळ्यांना माहीतच आहे.

कट.

पंधरा वर्षांनंतरही जुई संवाद ताईकडूनच पाठ करून घ्यायची. बाकीच्या नट्यांच्या कानात यंत्र बोलायचं. जुईला अनघाचाच आवाज लागायचा. कोल्हापूरबाहेरच्या स्टुडिओत दोघी मेकअपच्या आरशापुढे बसल्या होत्या. टेबलावर पिना, पावडर, अर्धा खाल्लेला भडंगाचा पुडा आणि भावपट्ट्या सांभाळणाऱ्या मुजावरचा डबा.

"जुईताई, ही बघा लावून. आजच्या शॉटसाठी पुण्याहून मागवलीया," मुजावर म्हणाला. "एकाच्या मित्राला बढती मिळाली, त्या दिवशीचा हेवा हाय."

भावपट्टी बोटभर लांब, कानामागे चिकटवायची. माणसाला खरोखर काही वाटतं तेव्हा त्याच्या छातीत, घशात, श्वासात जे होतं, त्याचा ठसा तिच्यावर उमटतो. ती दुसऱ्याने लावली की त्याचं अंग तसंच वागू लागतं. कारण ठाऊक नसतं, पण गळा दाटतो. ग्लिसरीनच्या बाटल्या केव्हाच हद्दपार झाल्या होत्या. ठसा कुणाचा, हे नटाला सांगायचं नाही असा धंद्याचा रिवाज. कुणा अनोळखी बाईच्या दुःखावर जुई गेल्या वर्षी अशी रडली, की तिला पुरस्कार मिळाला.

तिने पट्टी लावली. थोड्या वेळाने काढली.

"फिकी आहे. नुसतं जळजळल्यासारखं होतंय."

"भडंग खाल्लंस म्हणून," अनघा म्हणाली.

जुई खळखळून हसली. "ताई, मला हेवा जमतच नाही गं. करू तरी कुणाचा?"

हे ती अगदी सहज म्हणाली, गालाला क्रीम चोळत. अनघाचा हात पुढे झाला आणि तिने जुईच्या खांद्यावरचा दोरा चिमटीत उचलला.

"बघा मुजावरभाऊ, माझ्या अंगावर दोरा म्हणून राहू देत नाही ही."

मुजावरने पाहिलं. त्याला दोरा काही दिसला नाही.

दिग्दर्शिका घोरपडे मॅडमनी अनघाला बाहेर बोलावलं.

"तुझा ठसा देतेस?"

"माझा? कसला?"

"शॉट चालू असताना सगळे जुईकडे बघतात. मी कधी कधी तुझ्याकडे बघते."

अनघाचे कान तापले. नाही म्हणावं, निघून जावं, असं वाटलं. पण पडद्यावर तिचं काहीतरी येणार होतं. कुणाला न कळता का होईना, एकदा तरी.

"तिला समजता कामा नये," ती म्हणाली.

मुजावरने कोरी पट्टी तिच्या कानामागे चिकटवली. "आता आठवा," तो म्हणाला.

टेक दोन. (अनघा कुणालाच सांगत नाही तो.)

ताप नव्हता. दिवे लागले आणि पाठ असलेलं वाक्य गेलं. गेलं म्हणजे गेलंच. मग मागून आवाज आला, "तू आलीस तरच मी जेवणार!" धाकटी आठवण करून देत होती, पण अशी, की दिव्यावरच्या माणसाने दिवाच तिच्याकडे वळवला. अनघा अंधारात राहिली. घरी जाताना आई म्हणाली, "लोकांना सांगू, ताप होता." जिन्यात जुई नाचत पुढे चालली होती. तिच्या फ्रॉकवर काहीच नव्हतं. अनघाने ते उचललं.

कट.

प्रसंग असा होता : उतरत्या वयाची नर्तकी दारात उभी आहे, आणि तिची शिष्या रंगमंचावर जायला सजते आहे. केसांना पांढरा रंग लावून नर्तकी झालेल्या जुईने नुसतं बघायचं होतं. पट्टी लागली. तिचा श्वास अडकला, मान ताठ झाली. मग पटकथेत नव्हतं ते घडलं. ती हसत हसत पुढे झाली आणि शिष्येच्या खांद्यावरून न दिसणारा दोरा उचलून घेतला.

मॅडम 'कट' म्हणायला विसरल्या. सेटवरचा पंखेवाला टाळ्या वाजवू लागला.

अनघाच्या मनात पहिलं आलं ते हेच : हेसुद्धा हिने माझ्याहून चांगलं केलं.

जुई टाळ्यांकडे बघत नव्हती. चिमूट तशीच धरून ती ताईला शोधत होती.

मेकअपच्या खोलीत तिने दार लावलं. मुजावर डबा उचलून निघाला होता, त्याला थांबवलं.

"पट्टी तुझी होती. त्या दिवशी सभागृहात तुला ताप नव्हता ना गं?"

"नव्हता."

"तुझं ते दोरा उचलणं, इतकी वर्षं मला ती माया वाटत होती."

"ती पण होती," अनघा म्हणाली.

"पट्टीत नव्हती."

"कशावरून? तू हेवा शोधत होतीस, तुला तो सापडला!"

जुईने मुजावरच्या हातातला डबा ओढून घेतला. मग तिने डब्यातली कोरी पट्टी काढली, कानामागे दाबून बसवली आणि डोळे मिटले.

"ओ, काय करताय?" मुजावर म्हणाला.

"सभागृह आठवतेय. दिवा माझ्यावर आला आणि मला ताई दिसेनाशी झाली, ते."

तिची बोटं चिमटीत मिटली, उघडली. मग तिने पट्टी सोलून अनघापुढे धरली. "आता तू."

मुजावरच्या डब्यातल्या छोट्या पडद्यावर ठशाच्या रेषा उमटल्या होत्या. तो वाकून बघू लागला, मग त्याने चमकून दोघींकडे पाहिलं. "आवो, ह्ये तर..."

"सांगू नका," अनघा म्हणाली.

टेक तीन.

पट्टी अजून कोमट होती. अनघाने ती कानामागे टेकवली, पण बोट उचललं नाही. उचललं की सुरू होणार होतं. आत हेवा निघाला तर ती सोसेल. तो तिच्या ओळखीचा होता. खरं तर तोच निघावा असं तिला वाटत होतं. नऊ वर्षांच्या जुईलाही ताईचं काहीतरी हवं होतं, एवढं जरी कळलं तरी पुरे होतं.

पण त्या लख्ख उजेडात, अंधारातल्या बहिणीसाठी, आत नुसती दया निघाली तर?

"उचल ना बोट," जुई म्हणाली.