शेवटचा आत येईपर्यंत

आंबवलेल्या मक्याच्या वासाने डोकं उठतं, पण एमिल यानाकला टेक्ससमध्ये जन्म काढून त्याचं काही वाटेनासं झालं होतं. रोज सकाळी बादली घेऊन तो ओढ्याकाठच्या सापळ्यात शिरायचा. लोखंडी जाळीचं गोल कुंपण आणि वर उचलून धरलेलं जड दार. रानडुकरांनी त्याचं गवताचं कुरण नांगरल्यासारखं उकरून ठेवलं होतं. कळपात नऊ होती. आठ बिनदिक्कत आत यायची, एक तरणी मादी मात्र बाहेरच घुटमळायची.

"पाड की दार एकदाचं," त्याची बायको रोझली वैतागून म्हणायची. "आठ काय कमी झाली?"

"एक जरी बाहेर राहिली तरी ती शहाणी होते, पुन्हा म्हणून फसत नाही. रोज खाऊ घालायचं, रोज थोडं आत सरकवायचं. शेवटची आत आली की मग दार."

मग एका सोमवारी, गेल्या हिवाळ्यात हरवलेली गाय आपणहून कुंपणाशी आली, चांगली गुबगुबीत होऊन. बुधवारी अंगणातली आटलेली विहीर काठोकाठ भरली. पावसाचा थेंब नव्हता. शुक्रवारी पायरीवर परातभर पिकलेले पीच, तेही ऐन नोव्हेंबरात. त्याच आठवड्यात ह्यूस्टनला नोकरी करणारी मुलगी लोरीन कायमची घरी राहायला आली. "उगाच यावंसं वाटलं," एवढंच म्हणाली. रोझलीचे पाय जमिनीला लागेनात.

डुकरं मात्र गेली. मका तसाच पडून होता आणि ओल्या मातीत एक खूर उमटला नव्हता.

रविवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर कलिंगड होतं. दारं आतून बंद होती. एमिल त्याच्याकडे बघत उभा राहिला. कुंपण, अंगण, पायरी, टेबल. बादली घेऊन तो स्वतः दुसरं काय करत होता?

"आपण इथून जाऊ या. आजच."

"आत्ता? सगळं मार्गी लागतंय तेव्हा?" रोझली हसली आणि कलिंगड कापायला बसली.

तेवढ्यात फोन आला. वेस्लीचा. अकरा वर्षांपूर्वी एमिलने ज्याला दंडाला धरून घराबाहेर काढलं, तो मुलगा. "डॅडी, शनिवारी येतोय मी."

ज्या आवाजासाठी तो झुरला होता, तो ऐकून एमिलला घाम फुटला.

शनिवारी भर दुपारी वेस्लीची गाडी फाटकाशी आली. एमिल आडवा उभा राहिला.

"आत येऊ नकोस."

"अजून तेच का, डॅडी?"

"मागे फीर, बाळा. हात जोडतो तुला."

वेस्लीचा चेहरा उतरला. एमिलला रडू फुटत होतं, पण तो हलला नाही. दोघांच्या मधोमध, फाटकाच्या रेषेत, मातीवर रुंद पट्ट्यासारखी सावली पडली होती.

वर आभाळाखेरीज काही नव्हतं.

गाडी वळली. एमिलने फाटकाला साखळी घालून कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली.

सकाळी न्याहारीला तिघं बसली आणि फोन वाजला.

"डॅडी," वेस्ली म्हणाला. "काल गावातल्या मोटेलात थांबलो. उठून बघतो तर दारावर तुमची चिठ्ठी. माझं चुकलं म्हणायला अकरा वर्षं लागली होय तुम्हाला?"

एमिलने कसलीच चिठ्ठी लिहिली नव्हती.

"कुठे आहेस तू?"

"हा काय, अंगणात. फाटक उघडंच होतं."