शहाण्णवावी पायरी

न्याहारी करून ऋजुता किनाऱ्यावरून खोलीकडे निघाली. रिसॉर्टच्या खोल्या टेकडीच्या उतारावर होत्या. सगळ्यांत वरच्या खोलीपर्यंत दोनशे दहा पायऱ्या. शहाण्णवाव्या पायरीवर कठड्यातून एक लाकडी बैठक अलगद बाहेर आली आणि पुढच्या पायऱ्यांची उंची निम्मी झाली.

बेटावरचा हा जिना जाणता होता. पायऱ्यांखालच्या पट्ट्या चालणाऱ्याची चाल टिपत, कठडा तळहातातून नाडी मोजत असे. कोण कुठे थकेल याचा अंदाज बांधून जिना आधीच सोय करी.

"बसा, ताई," जिन्याची देखभाल करणारे परब वरून उतरत म्हणाले. मूळचे वेंगुर्ल्याचे, इथे नऊ वर्षं होते. "तुमच्या आईंची जागा ही."

"आई इथे बसायची?"

"रोज. पहिल्या दिवशी जिन्यालाच बोलल्या, 'मेल्या, मी काय म्हातारी दिसते तुला?' दुसऱ्या दिवसापासून मुकाट बसायला लागल्या. धाप ओसरली की मग तुम्हाला फोन."

ते फोन ऋजुताला आठवत होते. "दोनशे पायऱ्या एका दमात चढले," असं आई सांगायची. दोघींसाठी घेतलेली ती सहल होती. ऐन वेळी ऋजुताने कामाचं कारण सांगितलं, आई एकटीच आली आणि चार दिवस शिल्लक ठेवून परतली. पाच महिन्यांनी झोपेतच तिचं हृदय थांबलं. ते चार दिवस आता ऋजुता वापरत होती. मनगटावरचा पाहुण्यांचा पट्टाही आईच्याच नावाचा होता.

"म्हणजे जिना मला आई समजतोय."

परबांनी हातातल्या पडद्यावर पाहिलं. "असेल. चाल अगदी त्यांचीच आहे. पण नाडी लाल दाखवतोय, ताई. ती तुमची, आजची."

"चढण आहे. दुसरं काय?"

"त्याही हेच म्हणायच्या."

ऋजुताने मनगटावरचा पट्टा फिरवला. मग तिने विचारलं, "पट्टा बदलला तर?"

"उपयोग नाही. चालीवरून जिना पुन्हा त्यांनाच ओळखेल. त्यांची नोंद पुसावी लागेल. मग तुम्ही खालून नव्याने चढा. बैठक आली नाही, तर चूक जिन्याची. आली, तर दुपारच्या बोटीने डॉक्टरांकडे. मी सोबत येतो."

"पुसलेलं परत आणता येतं?"

"नाही, ताई."

ती बैठकीवर टेकली. इतक्या महागड्या टेकडीवर नेमकी ही जागा अशी, की समोर निरफणसाचं झाड आणि समुद्र त्याच्या आड. फांद्यांमधून दिसत होता तो फक्त धक्का, पाहुण्यांच्या बोटी लागतात तो. रोज फोन करताना आईसमोर हाच असायचा. सकाळची बोट आली, माणसं उतरली, बोट परत गेली. तोवर ती बसून राहिली.

"पुसा," ती उठत म्हणाली.

बैठक कठड्यात गेली. पायऱ्या पुन्हा पूर्ण उंचीच्या झाल्या. ऋजुता खाली उतरली, पाच मिनिटं थांबली आणि कठडा धरून मोजत वर चढू लागली. परब वरच्या वळणावर उभे होते. पडद्याकडे नाही, तिच्याकडे पाहत.

पंच्याण्णवाव्या पायरीवर ती थांबली. समोरचं लाकूड कठड्यात गुळगुळीत मिटलेलं होतं.

तिने पाय उचलला. बैठक बाहेर यावी असं तिला वाटत होतं, की येऊ नये?