दहापैकी दहा

"माफी मी मागणार नाही," असं म्हणतच एनिड होलरॉइड आत शिरली. मग खुर्ची ओढून बसली आणि पुन्हा म्हणाली, "मेले तरी नाही."

हेडनक्लफ गावात चिप्सच्या दुकानावरच्या खोलीत नोरा सग्डनचं ऑफिस होतं. विमा कंपनीत असताना तिने जळालेल्या गोदामांचे खोटे दावे पकडले होते. आता ती स्वतंत्र तपासनीस होती, म्हणजे लोकांचे पळालेले नवरे आणि हरवलेली कुत्री शोधायची. तिची गाडी चालवायला, चहा करायला आणि जे सगळ्यांना आधी दिसतं ते सर्वात शेवटी बघायला क्लाइव्ह पिकल्स होता. उभा जन्म त्याने बस चालवली होती. घाई त्याच्या अंगातच नव्हती.

"चहा घे आधी," क्लाइव्ह म्हणाला.

"चहा नको, न्याय हवाय. तू होतास की त्या दिवशी. सांग हिला."

क्लाइव्ह होता खरा. गेल्या गुरुवारी 'थ्री शिअर्स' पबमध्ये प्रश्नमंजुषेची अंतिम फेरी झाली. प्रश्न नेहमीप्रमाणे एनिडचे. गावात चर्चमध्ये चार डोकी जमायची मारामार, पण एनिडच्या प्रश्नांना बसायला जागा मिळत नसे.

"शेवटची फेरी मॅन्सीची होती," एनिड म्हणाली. "शब्दाच्या शेवटी मॅन्सी आलं की समजायचं, भविष्य बघायची रीत. कशावरून बघायचं ते शब्दाचं सुरुवातीचं अंग सांगतं. असे दहा शब्द दिले आणि अर्थ विचारले."

"मला तीन आले," क्लाइव्ह जरा ऐटीत म्हणाला. "मेलेल्यांना बोलावतात तो नेक्रोमॅन्सी, पाण्यावरून बघतात तो हायड्रोमॅन्सी, आणि कोंबड्याने टिपलेल्या दाण्यांवरून..."

"कोंबड्याचा नाही आला तुला. तू 'बदकाने' लिहिलं होतंस."

क्लाइव्हने कपात चहा ओतला.

"साऱ्या पबात कोणाला चाराच्या वर गुण नाहीत," एनिड पुढे म्हणाली. "आणि डीनच्या संघाला दहापैकी दहा. डीन म्हणजे माझा भाचा, भावाचा मुलगा. झालं! तो प्रश्नमंजुषा मंडळाचा सचिव, जेराल्ड थ्वेट, माइक हातात घेऊन सगळ्यांसमोर म्हणाला, आत्याबाईंनी घरातच उत्तरं वाटली! आज संध्याकाळी बैठक आहे. मी माफी मागून पायउतार व्हायचं, नाहीतर हे मला हाकलणार. पुढच्या वर्षीपासून म्हणे मोबाइलवरचं तयार अॅप आणणार. नवरा गेल्यावर या प्रश्नांनी मला जगवलं, नोरा. ते असे हिसकावून घेऊ देणार नाही मी."

नोराने चहाचा कप तिच्या हातात दिलाच. "उत्तरं कोणाला दाखवली होतीस?"

"मांजरालासुद्धा नाही. कार्ड पर्समध्ये, पर्स मांडीवर."

"तपासायची रीत काय?"

"फेरी संपली की प्रत्येक टेबलाने आपला कागद डाव्या हाताच्या टेबलाला द्यायचा. मग मी उत्तरं वाचते, ते तपासतात आणि कागद मंडळाकडे जातो. परत कोणाला मिळत नाही. सगळ्यांनी छापील मोठ्या अक्षरांत लिहायचं, हा माझाच नियम. नाहीतर एकेकाचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. पेनंसुद्धा सगळ्यांना एकसारखी, सट्ट्याच्या दुकानातली फुकटची."

"त्या रात्री काही वेगळं घडलं?"

"वेगळं? थ्वेटने सगळ्यांना पाजलं!" क्लाइव्ह हसला. "म्हणजे त्याच्या टेबलाला. टेबलावरच्या प्रत्येकाने पाळीपाळीने बाकीच्यांना पाजायचं, अशी रीतच आहे. पहिली पाळी नेहमी तोच घेतो. पहिल्या पाळीला लोक अर्धाच ग्लास मागतात ना! मग 'माझं झालं बरं का' म्हणून हात झटकून मोकळा."

"आणि आर्नल्ड," एनिड चिडून म्हणाली. "तो प्लंबर माझ्या उत्तरात तोंड घातल्याशिवाय राहतो का? सातवा शब्द मॉलिब्डोमॅन्सी. मी वाचलं, शिसं वितळवून पाण्यात ओतायचं आणि बनलेल्या आकारावरून भविष्य सांगायचं. तर हा मागून ओरडतो, 'शिसं कुठे मिळतंय आता? हल्ली कथील वापरतात!' सगळे हसायला लागले. मी म्हटलं, बरं बाबा, शिसं किंवा कथील, दोन्ही चालेल, पण खाली बस."

"आणि प्रश्नांच्या वेळी ओरडला होता का?"

"तेव्हा त्याच्या तोंडात लोणच्यातलं अंडं होतं."

नोरा हसली आणि तिने कोट उचलला.

*

डीन टायरच्या गॅरेजात सापडला. तिशीतला, हातापायाने दणकट, पण नजर सारखी जमिनीला.

"आत्याने मला काही सांगितलं नव्हतं," तो म्हणाला.

"मग दहाच्या दहा आले कसे?"

"आले."

"टायरोमॅन्सी म्हणजे काय रे?"

डीनने हातातल्या टायरकडे पाहिलं. "टायरवरून बघायचं?"

"चीजवरून," क्लाइव्ह म्हणाला. हे त्याला त्या गुरुवारीच कळलं होतं.

डीनचे कान लाल झाले. "पेन माझ्या हातात होतं, पण संघात आणखी दोघं आहेत. मला काम आहे." आणि तो गाडीखाली सरकला.

गाडीत बसताच क्लाइव्ह म्हणाला, "खेळ खलास. पोराला काही येत नाही, म्हणजे आत्यानेच दिली उत्तरं."

"त्याला काही येत नाही, एवढंच कळलं," नोरा म्हणाली. "चीज घोकलेला माणूस पाच दिवसांत चीज विसरतो होय? चल, थ्वेटकडे."

*

जेराल्ड थ्वेटच्या घरात पायपुसणंसुद्धा काटकोनात होतं. त्याने चहा विचारला नाही.

"पुरावा समोर आहे, मिसेस सग्डन." त्याने प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढला. "मंडळाच्या ताब्यात, जसाच्या तसा. मी वीस माणसांच्या बैठकीत बसतो आणि बोललेला शब्द न् शब्द टिपून घेतो. माझ्या इतिवृत्तात 'साधारण' हा शब्द सापडायचा नाही."

नोराने कागद वाचायला घेतला. "चीजच्या भेगा आणि छिद्रांवरून. गोल गोल फिरून चक्कर येऊन कुठे पडतो त्यावरून. शिसं किंवा कथील वितळवून पाण्यात ओतून. कांद्याला फुटलेल्या कोंबांवरून. वा, पोरगं हुशार दिसतंय."

"पोरगं टायर बदलतं," थ्वेट ओठ मुडपून म्हणाला.

"तपासला कोणी?"

"आमच्याच टेबलाने. पण मी तेव्हा बारवर होतो. पाजायची पाळी माझी होती. पॉलीन लम्बने तपासला. आमच्या टेबलावरचा तिसरा म्हणजे सिरिल, तो बिचारा दुसरा ग्लास झाला की घोरतो."

"एनिडवर तुमचा काही जुना राग?"

"मी तत्त्वाचा माणूस आहे," थ्वेट म्हणाला आणि त्याने दार उघडून धरलं.

*

पॉलीन लम्ब वाचनालयात पुस्तकं लावत होती. थ्वेटचं म्हणणं ऐकून तिच्या हातातलं पुस्तक तसंच राहिलं.

"मी तपासला? अहो, मी तर बारवर होते! पाजायची पाळी माझी होती."

"दोघांची एकदमच?" क्लाइव्हने विचारलं.

"मला खोटं पाडायचंय का तुम्हाला? हो, एनिडच्या जागेवर माझा डोळा आहे. मागच्या वर्षी मी तिला म्हटलंही, थकलीस, आता मला दे. ती म्हणाली, माझ्या तिरडीवरून घे. पण म्हणून मी असलं काही करेन?"

बाहेर आल्यावर क्लाइव्ह बराच वेळ किल्ली हातात धरून उभा राहिला. "एक जण खोटं बोलतंय."

"शाब्बास."

"पण त्याने काय फरक पडतो? कागद कोणी का तपासेना, उत्तरं तर आधीच फुटली होती."

नोरा गाडीत बसली. "क्लाइव्ह, बसमध्ये तिकीट नसलेला माणूस सापडला, तर तो कोणत्या थांब्यावर चढला हे आधी बघायचास ना?"

"हो."

"मग इथेही तेच बघ."

क्लाइव्ह गाडी चालवत विचार करत राहिला आणि त्या नादात वळण चुकला.

*

'थ्री शिअर्स' गच्च भरला होता. बैठक मंडळाची, पण ऐकायला सारं गाव. मालकीण बेव्ह हीच मंडळाची अध्यक्ष. बारच्या मागे नव्या अॅपची रंगीत जाहिरात तिने आधीच लावून ठेवली होती.

"एनिड, राणी," बेव्ह म्हणाली, "दोन शब्द बोल आणि संपव. कोणालाच तमाशा नकोय."

"मला हवाय," एनिड म्हणाली. तिने ठेवणीतला निळा कोट घातला होता आणि ती बसायलाही तयार नव्हती. "नोरा, बोल."

नोरा उठली. "आधी बेव्हला एक विचारते. थ्वेट, सिरिल आणि पॉलीन यांच्या टेबलावर एका रात्रीत पाजण्याच्या पाळ्या किती होतात?"

"तीन. तिघांची एकेक. चौथी थ्वेट होऊच देत नाही, नाहीतर पुन्हा त्याचा नंबर लागेल." लोक हसले.

"पहिली कोणाची?"

"त्याचीच. नेहमी."

"दुसरी सिरिलची, तिसरी पॉलीनची. या गावात माणूस एक वेळ धर्म बदलेल, पण पाजायची पाळी बदलणार नाही. शेवटची फेरी तपासली जात होती तेव्हा बारवर कोण होतं?"

"पॉलीन," बेव्ह आठवून म्हणाली. "पोर्ट वाइन आणि लिंबू मागितलं तिने. आणि ती आर्नल्डला हसत होती, म्हणून माझ्या लक्षात राहिलं."

"म्हणजे टेबलावर उरले दोघं. एक घोरत होता."

थ्वेट ताडकन उठला. "बरं, तपासला असेल मी! पाळीचं विसरलो. म्हणून काय? कागदावरची उत्तरं बदलतात की काय?"

"बदलत नाहीत. भरता मात्र येतात." नोराने हात पुढे केला. "कागद द्या. सातवं उत्तर क्लाइव्ह वाचेल."

क्लाइव्हने चष्मा लावला. "शिसं किंवा कथील वितळवून..." तो थांबला. मग त्याने पुन्हा वाचलं, या वेळी हळू. "कथील. अगं, पण कथील तर आर्नल्डने..."

"बोल की मोठ्याने."

"कथील एनिडच्या कार्डावर नव्हतंच!" क्लाइव्ह ओरडला. इतक्या मोठ्याने तो जन्मात बोलला नव्हता. "आर्नल्ड ओरडला तेव्हा कागद गोळा होऊन तपासायला गेलेले होते! डीनला हे आधी ठाऊक असणं शक्य नाही, कारण तेव्हा ते एनिडलाही ठाऊक नव्हतं!"

मागून आर्नल्डने ग्लास उंचावला.

"बरोब्बर," नोरा म्हणाली. "उत्तरं आधी फुटली, असं धरून सगळे कोणी फोडली ते शोधत होते. ती फुटलीच नाहीत. एनिड वाचत होती आणि कोणीतरी डीनच्या कोऱ्या जागा भरत होतं. तेच छापील अक्षर, तेच फुकटचं पेन. आणि भरणारा असा, की कानावर पडलेला शब्द न् शब्द टिपल्याशिवाय त्याला राहवत नाही. दुसरा कोणी असता तर त्याने 'शिसं' लिहून सोडून दिलं असतं. थ्वेटसाहेब, तुमच्या इतिवृत्ताने तुम्हालाच बुडवलं."

"मूर्खपणा! माझ्या विरोधी संघाला मी कशाला जिंकवीन?"

"जिंकवून बाद करायला. तुमचा संघ दुसरा होता. डीन बाद झाला की कप तुमचा, आणि एनिडची मानगूटही तुमच्या हातात."

"पण पोराने तेव्हाच सांगितलं नसतं का?" बेव्हने विचारलं. सगळ्यांच्या माना डीनकडे वळल्या.

डीन उभा राहिला. टोपी मुठीत चुरगळून. "मी सहा कोरी सोडली होती. दहा गुण म्हटल्यावर वाटलं, तपासणाऱ्याची चूक. आपल्या फायद्याची चूक कोण सांगतं? संघाला वाटलं मीच लिहिली, मला खांद्यावर घेतलं. मग आत्यावर आळ आला आणि... मग बोलायची हिंमत झाली नाही."

एनिड त्याच्याकडे बघत राहिली. थ्वेटने लावलेला आळ तिने ताठ मानेने झेलला होता, पण हे तिला लागलं.

"बाप गेला तेव्हा तुला माझ्या स्वयंपाकघरात वाचायला शिकवलं," ती म्हणाली. "एका पत्र्याच्या कपासाठी मला लोकांच्या तोंडी दिलंस. तुझे गुण चार. चारच. जा, बस."

डीन बसला आणि त्याने तोंड हातांत लपवलं.

मग ती थ्वेटकडे वळली. "आणि तू, जेराल्ड. गेल्या वर्षी अर्ध्या बरोबर उत्तराला अर्धा गुण मागत होतास. दिला नाही, म्हणून हे?"

"माझा हक्क होता तो!" थ्वेटच्या तोंडून निघून गेलं.

"आजही देणार नाही," एनिड म्हणाली.

बेव्ह घसा साफ करत पुढे आली. "एनिड, चुकलं आमचं. जेराल्ड तुला एक पत्र लिहील, आणि आपण हे सगळं इथेच..."

"पत्र नको. आळ माइकवर घेतला होता, माफीही माइकवर."

थ्वेटला माइकपर्यंत जायला बराच वेळ लागला. तो काहीतरी पुटपुटला.

"मोठ्याने," एनिड म्हणाली. "मागच्या टेबलापर्यंत."

त्याने मोठ्याने म्हटलं आणि कोट विसरून तो निघून गेला. बेव्हने कोणी न सांगता अॅपची जाहिरात खाली उतरवली.

एनिडने माइक घेतला. "आलाच आहात सगळे, तर कागद काढा. छापील अक्षरात लिहा. आज शेवटी क्रसी असलेले शब्द. क्रसी म्हणजे राज्य. कोणाचं, ते तुम्ही सांगायचं. पहिला शब्द, काकिस्टोक्रसी."

"आता ही काय भानगड?" क्लाइव्हने नोराच्या कानात विचारलं.

नोरा सांगणार, तेवढ्यात मागून आर्नल्ड खुर्ची पाडून उठला. "हे येतं मला! सगळ्यात नालायक माणसांचं राज्य!"

"आर्नल्ड," एनिड म्हणाली, "उत्तर ओरडायचं नसतं, लिहायचं असतं. किती वर्षं सांगतेय तुला?"

तिने थ्वेटच्या रिकाम्या खुर्चीकडे एकदा पाहिलं.

"पण आज चालेल."