हिरव्या जर्सीवरचा डाग

पडद्यांच्या गठ्ठ्यातून आपली हिरवी जर्सी बाहेर निघताना पाहिली, तेव्हाच ती काउंटरवर पुढे वाकली. आईने फक्त पडदे आणायला सांगितलं होतं. जर्सीबद्दल ती अवाक्षर बोलली नव्हती, आणि का बोलली नव्हती ते आता कळत होतं. लॉन्ड्रीवाल्या तरुणाने जर्सी काउंटरवर पसरली, बाह्या सारख्या केल्या आणि शाबासकीची वाट बघत उभा राहिला.

"इथला डाग कुठाय?" तिने विचारलं.

"गेला," तो खुशीत म्हणाला. "चहाचा होता ना? फार मुरलेला. सकाळपासून त्याच्याच मागे लागलो होतो."

"कुणाला विचारून?"

त्याचा चेहरा पडला. डाग राहिला म्हणून भांडणारी गिऱ्हाइकं त्याच्या रोजच्या ओळखीची; डाग गेला म्हणून भांडणारी ही पहिलीच असावी. तो काहीतरी बोलू गेला, पण ती जर्सी छातीशी धरून तरातरा पायऱ्या उतरली. पडदे तिथेच राहिले.

देशाच्या फुटबॉल टीमचं वेड तिला बाबांनी लावलं होतं, अगदी लहानपणी, खांद्यावर बसवून. टीम वाईट नव्हती. पण जिंकता जिंकता हरण्यात तिचा हात कुणी धरला नसता. शेवटच्या काही मिनिटांत बचाव करणाऱ्यांच्या अंगात काय शिरायचं देव जाणे. चेंडू समोरून जायचा आणि ते वाट सोडून उभे राहायचे. प्रत्येक पराभवानंतर ती घरी येऊन ठणकावून सांगायची की आता पुन्हा म्हणून जाणार नाही. आणि पुढचा सामना जाहीर झाला की तिकीट काढायला हीच सर्वांच्या पुढे! यात मिळतं काय, हे तिला स्वतःलाही धड सांगता आलं नसतं. एवढंच, की हजारो अनोळखी माणसं एकदम श्वास रोखतात, तेव्हा त्यातला एक श्वास आपला असावा असं तिला वाटायचं.

डाग पडला तो दिवस मात्र वेगळा होता. त्या दिवशी टीमने चक्क जगज्जेत्यांना हरवलं होतं. गोल झाला तसे बाबा उसळले आणि त्यांच्या हातातला गरम चहा तिच्या छातीवर सांडला. ती किंचाळली, बाबा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. तेव्हापासून जर्सी ती स्वतः धुवायची, हाताने, डागाच्या कडेकडेने.

मग बाबांच्या गुडघ्यांनी दगा दिला. स्टेडियमच्या पायऱ्या चढणं बंद झालं. तरी ती दर वेळी दोन तिकिटं काढायची आणि शेजारच्या खुर्चीवर आपली पिशवी ठेवायची. मैत्रिणींनी विचारलं, मामेभावाने विचारलं. तिने कुणालाच ती जागा दिली नाही. गुडघे बरे झाल्यावर बाबांना नको का, असं ती म्हणायची. गुडघे बरे होणार नाहीत हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, तिलासुद्धा. डाग आणि ती रिकामी खुर्ची, बाबांबरोबरच्या त्या दिवसांचं एवढंच तिच्याजवळ उरलं होतं, आणि त्यातला डाग आता गेला होता.

दुसऱ्या दिवशी पडदे आणायला तिलाच जावं लागलं. लॉन्ड्रीवाल्याने पडदे पुढे केले, मग एक चहाचा ग्लास.

"हा कशाला?"

"तसाच डाग पाडून देतो. तुम्ही फक्त जागा दाखवा…"

हसायचं नाही असं ठरवूनही ती हसली. आणि मग, तिथेच बसून डागाची सगळी हकीकत सांगून मोकळी झाली. तो इस्त्री बाजूला ठेवून ऐकत राहिला. मध्ये एकदाही त्याने 'एवढंच ना' असं म्हटलं नाही, हे तिच्या मनात राहिलं.

त्यानंतर तिच्या घरातले कपडे फार लवकर मळू लागले. आज चादर, उद्या मफलर. ती मोटार चालवायला शिकवायची. शेवटचा विद्यार्थी सोडला की गाडी आपोआप लॉन्ड्रीच्या गल्लीत वळायची. फुटबॉलमधलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. ऑफसाइड म्हणजे काय हे तिने त्याला काउंटरवर शर्टाची बटणं मांडून शिकवलं, आणि तो पुनःपुन्हा नेमकं तेच बटण चुकीच्या जागी सरकवायचा. मुद्दाम चुकता का, असं तिने एकदा विचारलंच. बरोबर आलं तर शिकवणी बंद होईल ना, असं तो खाली बघत म्हणाला. ती बटणं गोळा करत राहिली.

एका संध्याकाळी तो ब्लँकेटं पोचवायला घरी आला, तेव्हा बाबांनी त्याला समोर बसवून घेतलं. डाव्या बाजूला कुणाला खेळवावं, असा थेट सवाल टाकला. त्याने प्रामाणिकपणे सांगितलं की त्यातलं काही कळत नाही. पण हरलेल्या दिवशी खेळाडूंच्या कपड्यांचा चिखल कोण काढतं, हे विचारायचं होतं. बाबा खो खो हसले. मग त्यांनी कपाटातून रविवारच्या सामन्याचं आपलं तिकीट काढून त्याच्या हातात ठेवलं. त्या सामन्यावर टीमचं मोठ्या स्पर्धेत जाणं अवलंबून होतं.

"बाबा, ती तुमची जागा आहे," ती म्हणाली.

"माझी जागा ही. टीव्हीसमोरची." बाबांनी गुडघ्यावर हात फिरवला. "तिथे तुझी पिशवी बसते गं. पिशवी कधी टीमसाठी ओरडलीये का?"

तिला रडू फुटायचं बाकी होतं. पण बाबांचा चेहरा इतका समाधानी होता की तिने मान डोलावली.

रविवारी दुपारी आभाळ भरलं होतं, बारीक भुरभुर चालली होती. तो बाबांच्या खुर्चीवर बसला तेव्हा तिला क्षणभर चुकल्यासारखं झालं. पिशवी तिने मांडीवर घेतली. सामना सुरू झाला, समोरचे खेळाडू आपल्या गोलकडे धावत आले, आणि त्याने तिच्या पायाकडे पाहिलं.

"ब्रेक लागत नाहीये वाटतं."

तिचा उजवा पाय खरंच सिमेंटवर दाबलेला होता. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून जडलेली सवय. "तुम्ही मैदानाकडे बघा," ती लाजून म्हणाली.

"बघतोय की…" तो म्हणाला, पण मान वळवली नाही.

मध्यंतरानंतर आपल्या टीमने गोल केला. लॉन्ड्रीवाला, ज्याला ऑफसाइड कळत नव्हतं, तो खुर्चीतून असा उसळला की हातातला सगळा चहा तिच्या जर्सीवर. ती किंचाळली. त्याचा हात सवयीने खिशातल्या रुमालाकडे गेला. लगेच पाणी लावलं तर निघेल, असं तो म्हणू लागला आणि मध्येच थांबला. हात हळूच मागे घेतला.

शेवटच्या मिनिटांत व्हायचं तेच झालं. बचाव करणारे वाट सोडून उभे राहिले, समोरच्यांनी दोन गोल घातले. लोक मुकाट उतरू लागले. ही दोघं बसूनच राहिली.

"हरलो आपण," तो म्हणाला. अगदी मनापासून खचला होता बिचारा. "मग हा डाग… शकुनाचा नाही ना झाला. काढून देऊ?"

तिने जर्सीकडे पाहिलं. डाग जुन्या डागाच्या जागी नव्हता, जरा वर, गळ्याजवळ होता.

"हात तर लावून बघ," ती म्हणाली. बोलण्यातलं 'तुम्ही' कधी गळून पडलं, तिलाही कळलं नाही. "आवडतोस तू मला. पिशवीपेक्षा कितीतरी जास्त."

"पिशवीपेक्षा?" त्याने तिच्या मांडीवरची पिशवी उचलली आणि खाली, आपल्या पायांशी ठेवली. "मग पुढचा सामना कधी आहे?"

घरी बाबांनी स्कोअर विचारला नाही, तो त्यांनी टीव्हीवर पाहिला होता. त्यांनी तिच्या गळ्याजवळच्या डागाकडे पाहिलं, मग दारात अवघडून उभ्या असलेल्या लॉन्ड्रीवाल्याकडे, आणि गालातल्या गालात हसत त्याला आत ये म्हणाले. स्वयंपाकघरातून हात पुसत आई आली. तिनेही जर्सी बघितली आणि कपाळाला हात लावला.

"आता ही लॉन्ड्रीत टाकूनही उपयोग नाही," ती म्हणाली, आणि चहाचं आधण ठेवायला आत गेली.