गाडीची डावी बाजू

गाडी विकू का दुरुस्त करू, हे विचारायला माझ्याकडे आलात होय? बसा, चहा घ्या. पण सल्ला मागू नका. माझ्याच गाडीचं मला एक धड ठरवता आलं नाही. काय झालं ते सांगतो, मग तुमचं तुम्ही बघा.

चौदा वर्षं मी बोईसर स्टेशन ते घिवली सीटवर व्हॅन मारली. भरली की सुटायची, उतरली की परत भरायची. त्याआधी कंपनीत होतो, ती बंद पडली, गावी नाशिककडे परत जायचं तोंड नव्हतं, म्हणून गाडी घेतली. चौदा वर्षांत माझी कंबर गेली, गुडघे गेले, आणि शेवटी गाडीचीही कंबर गेली. माझी बायको सुगंधा म्हणायची, तुम्हा दोघांना एकदमच भंगारात घालते. चेष्टाच, पण मी आता घरी बसावं हे तिच्या मनात होतं. माझ्याही होतं म्हणा. पहाटे उठायचं म्हटलं की रडू यायचं, खोटं कशाला बोलू.

फेब्रुवारीत आरटीओचं पासिंग जवळ आलं, म्हणून गाडी भावेशच्या गॅरेजला नेली. भावेशनं ती जॅकवर घेतली आणि खालच्या चासीवर, म्हणजे ज्या सांगाड्यावर सगळी गाडी उभी असते त्याच्यावर, हातोडी मारत मारत मागं गेला. टण टण वाजत होतं. डाव्या बाजूला मागच्या चाकाशी आल्यावर आवाजच आला नाही. हातोडी सरळ आत गेली. ओंजळभर गंज खाली पडला, आणि तो ओला होता.

भावेश म्हणाला, पावसाळा जाऊन चार महिने झाले, काका, हे ओलं कसं?

ओलं कशानं ते मला ठाऊक होतं. घिवलीची हिराबाय रोज माझ्या गाडीनं मासे घेऊन बोईसरच्या बाजाराला यायची. मागची डावी जागा तिची, पायाशी पाटी. बोंबलाचं खारं पाणी गाडीभर पसरायचं आणि कंपन्यांत कामाला जाणारी माणसं नाकं मुरडायची. मग एक दिवस मी शहाणपणा केला. तिच्या पायाखालच्या पत्र्याला ड्रिलनं एक भोक पाडलं, पाणी रस्त्यावर गळून जावं म्हणून. हिराबाय खूश, मी खूश. ते भोक नेमकं चासीच्या पोकळ दांड्यावर पडलं होतं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. अकरा वर्षं मी त्या दांड्याला रोज मिठाचं पाणी पाजत होतो.

पण हिराबाय जाऊन तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं. घरीच गेली, तापानं. माझ्या गाडीत नाही, आधीच सांगून ठेवतो.

भावेशनं दोन वाटा सांगितल्या. एक तर दांडा कापून नवा जोडायचा, पण आजूबाजूचा पत्राही कुजलेला, वेल्डिंग कशाला धरणार? नाहीतर गाडी भंगारात. माझं तोंड बघून त्याला दया आली असेल. हळूच म्हणाला, तिसरी पण वाट आहे. वरून पत्रा चिकटवतो, फटींत लांबी, म्हणजे पुट्टी भरतो, काळा रंग मारतो. घेणाऱ्याला दिसणार नाही.

मी नको म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, कर.

गिऱ्हाईकही लगेच मिळालं. डोंगराकडच्या पाड्यावरचा नवशा. त्याच्या पाड्यावरची माणसं कामाला बोईसरच्या कंपन्यांत यायची, तीन कोस चालून मग टेम्पोला लटकत. नवशाला स्वतःची गाडी करून सगळ्यांना आणायचं होतं. गेल्या साली लटकणाऱ्यांतला एक पडून गेला, म्हणाला. आता आमची गाडी झाली की कुणी पडायचं नाय, मामा. मी खाली मान घालून हो हो केलं. काळजात कळ आली, पण दमलेल्या माणसाला स्वतःचं दमणंच मोठं वाटतं.

तो गाडी बघायला बायकोला घेऊन आला. जिवली तिचं नाव. सहावा महिना होता, म्हणून हळू चालवतो म्हणाला. दुपारचे तीन वाजले होते. ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नव्हतं. नवशा चालवायला, मी त्याच्या शेजारी, जिवली मागं एकटी. पास्थळ सोडलं आणि वास आला. ओल्या बोंबलाचा. खाडी जवळ आहे, वास यायचाच, असं मी मनाशी म्हटलं. काचा बंद होत्या, हे नंतर लक्षात आलं.

आरशात पाहिलं तर जिवली उजव्या कडेला अंग चोरून बसलेली. डावीकडं सगळी सीट मोकळी. मी म्हटलं, पोरी, ऐसपैस बस की.

"बाय बसलीय ना तठं," ती म्हणाली.

नवशा हसला. मी हसलो नाही. मान वळवून बघायची हिंमत होईना. थोड्या वेळानं मागून कुजबुज ऐकू आली. जिवली कुणाला तरी हळू आवाजात उत्तर देत होती. नाय… पयलीच वेळ… हो, सहावा.

मी विचारलं, "काय म्हणते?"

"उतर म्हणते," जिवली म्हणाली. "गाडीतून उतर… आन परत चढू नको, असं म्हणते."

घिवलीच्या फाट्याला तिनं गाडी थांबवायला लावली आणि उतरली ती उतरलीच. नवशाला लाज वाटली. बायामाणसं भितात, मामा, तुमी हिच्यासंगं सावलीत बसा, मी एकटा एक चक्कर मारून येतो, ब्रेक बघतो. आल्यावर सौदा पक्का. मी मान हलवली. त्या क्षणीसुद्धा, देवा शपथ सांगतो, माझ्या मनात एवढंच आलं की हा आला की कागद देऊन टाकू आणि घरी जाऊन झोपू.

गाडी निघाली. आणि मी बघतच राहिलो.

चौदा वर्षं सीटवर गाडी मारलेला माणूस मागून गाडीची बैठक बघून आत किती जण आहेत ते सांगू शकतो. आत नवशा एकटा होता. पण गाडी मागून पार दबलेली. स्प्रिंगचे पाटे सपाट, चाकं मडगार्डला टेकायला आलेली. दहा-बारा माणसं कोंबल्याशिवाय माझी गाडी अशी कधी बसली नव्हती.

जिवलीनं माझं मनगट पकडलं.

"मामा… माजी बहीण हाय त्यात. सासू हाय. नवशाचा भाऊ…" ती मागच्या काचेकडं बघत एकेक नाव घेत होती.

मी विचारलं, हे सगळे… आहेत ना? ती म्हणाली, हायत, सकाळी सासूच्या हातची भाकर खाऊन निघालो. तरी तिनं पाड्यावर फोन लावला. सासूनंच उचलला. ती अंगणात भात पाखडत होती. तिकडं सूप वाजत होतं, मला ऐकू आलं, आणि इकडं समोर गाडी तशीच दबून चालली होती.

मग मात्र मी नवशाला फोन केला. त्यानं उचलला. त्याच्या मागं भरल्या गाडीत असतो तसा कालवा होता. खोकला, हसणं, बायकांचं बोलणं.

"मामा, मोठ्यानं बोला," तो म्हणाला. "मागं लय गलका हाय, ऐकू नाय येत."

मी रस्त्याच्या मधोमध उभा राहून ओरडलो. गाडी थांबव, चासी कुजलेली आहे, मी वरून रंग मारलाय, मी तुला फसवतोय. तीनदा ओरडलो. तिसऱ्यांदा गाडी थांबली.

आम्ही दोघं चालत गेलो. काही केल्या ती वाट सरत नव्हती. नवशा खाली उतरून मागचं दार उघडं धरून उभा होता. सीटा रिकाम्या होत्या. पाटे तसेच दबलेले. मी त्याच्यासमोर हात जोडले, सगळं परत सांगितलं, भोकापासून लांबीपर्यंत. वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्याचं माझ्याकडं लक्षच नव्हतं.

"उतरा म्हणतो, तर उतरत नायत," तो म्हणाला. "आमी पोचलो का, एवढंच विचारतात. समदी पाड्यावरची हायत, मामा… समद्यांना ओळखतो मी." मग त्यानं आवाज अगदी खाली आणला. "एक बारकी पोर तेवढी ओळखू येत नाय. ती मला बाबा म्हणते."

जिवलीनं पोटावर हात ठेवला आणि ती रस्त्यातच खाली बसली.