न हलणारा आकडा

"मास्तर, तुझं ॲप झोपलंय!" बटाट्या ओरडला. "कधीपासून तोच आकडा! दोन पूर्णांक एक मीटर, आणि खाली हिरवा ठिपका. नदी आहे की भिंतीवरचं चित्र?"

"ॲप झोपत नाही, तू झोपतोस," मास्तर चष्मा वर सरकवत म्हणाला.

मास्तर म्हणजे झिपरीचा मामेभाऊ. सुट्टीला आला की दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना शिकवायला लागायचा, म्हणून मास्तर. बटाट्या शेजारचा. झिपरीच्या केसांबद्दल तर बोलायलाच नको!

ॲप या सुट्टीतच बनवलेलं; कल्पना मात्र झिपरीची होती. पाणी खात्याच्या वेबसाइटवर सगळ्या नद्यांची माहिती एका लांबलचक मजकुरात यायची. कंस, स्वल्पविराम, ठाण्यांची नावं, वारा, तापमान, सगळी नुसती गर्दी! मास्तरचा कोड तो मजकूर फोडायचा, त्यातून गावच्या पुलाचं ठाणं शोधायचा आणि फक्त पाण्याची उंची उचलून फोनवर दाखवायचा. पाणी तीन मीटरच्या वर गेलं की ठिपका लाल, अगदी खात्याच्या वेबसाइटवर असतो तसाच.

"कोडात ढेकूण झालाय," बटाट्या म्हणाला.

"त्याला बग म्हणतात! आणि तो नाहीये. हे बघ." मास्तरनं मूळ मजकूर उघडला. "वेळ दर तासाला बदलतेय. आकडा बदलत नाही. खात्याकडूनच तसा येतोय."

झिपरी उठली. "पुलावर चला."

नदीकडे जायला तिला घरून मनाई होती. गेल्या उन्हाळ्यापासून ती तिकडे फिरकलीही नव्हती. पुलावर पोचल्यावर तिनं कठडा घट्ट धरला. वरच्या धरणातून पाणी सोडलेलं दिसत होतं. नदी गढूळ झाली होती आणि फोफावत चालली होती. खांबावर रंगवलेल्या मोजपट्टीवर पाणी जवळजवळ चारला टेकलं होतं.

"अरे बाप रे!" बटाट्या म्हणाला. "आणि फोनवर हिरवं!"

"यंत्र अडकलंय," मास्तर म्हणाला. "शेवटचा आकडाच पुन्हा पुन्हा पाठवतंय. थांब, जुने आकडेही असतात तिथे. कधीपासून अडकलंय ते बघू." त्यानं कठड्याला टेकून बोटं चालवली. पडद्यावर एक रेघ उमटली. आधी लाटांसारखी वरखाली होणारी, मग एकदम सपाट. मास्तरनं त्या सपाट रेघेची सुरुवात पाहिली आणि फोन पटकन खिशात घातला.

"दाखव," झिपरी म्हणाली.

"जाऊ दे ना."

"मास्तर, दाखव."

रेघ गेल्या उन्हाळ्यात सपाट झाली होती. दादा बुडाला त्याच्या आधीच्या आठवड्यात.

झिपरी पाण्याकडे बघत राहिली. त्या सकाळी दादानं टॉवेल खांद्यावर टाकून, फोनवर खात्याची वेबसाइट उघडून तिच्यासमोर धरली होती. "बघ गं, हिरवं आहे. आईला सांग, जेवायला येतो." तिनं हे नंतर सगळ्यांना सांगितलं होतं. बाबा म्हणाले होते, "तू लहान आहेस. त्यानं जुनं काहीतरी बघितलं असेल. नाहीतर बघितलंच नसेल. कधी ऐकलंय त्यानं कुणाचं?" त्यानंतर घरात दादाचं नाव निघालं नव्हतं.

"खात्यात जाऊ," ती म्हणाली.

कचेरीतले साहेब खुर्चीत रेलून बसले होते. मास्तरचं बोलणं अर्धवट ऐकूनच ते हसले. "बाळांनो, आकडा येतोय ना? मग यंत्र चालू आहे! संगणक चुकत नाही, मुलं चुकतात. जा, खेळा."

मास्तर लालबुंद झाला. झिपरीनं त्याचा सदरा मागून ओढला आणि ती गोड आवाजात म्हणाली, "बरोबर आहे साहेब. आम्हाला शाळेच्या प्रकल्पासाठी तुमच्याबरोबर एक फोटो हवाय. घाटाच्या वरून तिसऱ्या पायरीवर. तुमच्या आकड्याप्रमाणे ती कोरडी आहे ना?"

"अगदी ठणठणीत कोरडी!" साहेबांनी भांग पाडला, बूट पुसले आणि निघाले. बटाट्यानं तोंडावर हात दाबून धरला.

घाटावर तिसरी पायरी नव्हतीच. दुसरीही नव्हती. पहिलीवरून पाणी वाहत होतं. साहेब पुतळ्यासारखे उभे राहिले.

आणि तेवढ्यात शिट्टी वाजली! याच काठावर थोडं पुढे, वळणावरच्या उथळ जागी, पोहण्याच्या शिबिराची चिल्लीपिल्ली रांगेत उभी होती. पुढची दोघं-तिघं घोट्याभर पाण्यात शिरलीही होती. त्यांचे प्रशिक्षक फोनवर खात्याचा ठिपका बघत म्हणत होते, "हिरवं आहे, चला!"

झिपरी धावत सुटली. चिखलात एक चप्पल रुतली, ती तिथेच राहिली. "बाहेर काढा त्यांना! आकडा खोटा आहे! माझ्या दादानंही हिरवंच बघितलं होतं!"

प्रशिक्षकांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा पाण्याकडे, आणि मग काही न विचारता पुढच्या मुलांना बखोटीला धरून वर खेचलं. मास्तर आणि बटाट्या मागून पोचले आणि उरलेल्यांना मागे ढकलू लागले. थोड्याच वेळात ती मुलं उभी होती त्या जागेवरून एक आख्खा ओंडका गरगरत गेला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक लहानगी रडायला लागली, एवढंच.

यंत्र उघडलं तेव्हा पाण्यात सोडलेल्या नळीत गाळ घट्ट बसलेला आणि पाण्याबरोबर वरखाली होणारा आतला तरंगा त्यात रुतलेला निघाला. तो अडकल्याची तक्रार गेल्या उन्हाळ्यातच आली होती. साहेबांनी ती बाजूला सारली होती.

संध्याकाळी झिपरीच्या अंगणात गर्दी झाली. शिबिरातल्या मुलांचे आईवडील, प्रशिक्षक, शेजारीपाजारी, सगळे. "काय डोकं आहे पोरांचं!" "शाबास रे मास्तर!" बटाट्याच्या पाठीवर इतक्या थापा पडल्या की तो कळवळला. शेवटी साहेब पुढे आले. "तुमच्या मुलीचं करावं तेवढं कौतुक..."

"कौतुक राहू दे साहेब," बाबा म्हणाले. ते दारातच उभे होते. "ते पोरांचं आहे, त्यांना द्या. मला एकच सांगा. त्या दिवशी माझ्या मुलानं बघितलेला आकडा चुकीचा होता?"

"हो."

"मोठ्यानं सांगा. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

साहेबांची मान खाली गेली, पण त्यांनी सांगितलं. "आकडा चुकीचा होता. त्याची चूक नव्हती. माझी होती."

आई पायरीवर मटकन बसली. वर्षभर तिनं कुणासमोर डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. आता ती मोकळ्यानं, लहान मुलीसारखी रडली. बाबांनी झिपरीच्या डोक्यावर हात ठेवला.

"तू सांगत होतीस," ते म्हणाले. "मी वर्षभर त्याच्यावर रागावून बसलो गं. मेलेल्या पोरावर!"

झिपरी त्यांना बिलगली.

लोक हळूहळू पांगले. मास्तर आणि बटाट्याही गुपचूप निघून गेले. त्या संध्याकाळी घरात चूल पेटली नाही. तिघं अंधार पडेपर्यंत पायरीवरच बसून राहिली. मग आई म्हणाली, "पहिल्यांदा पोहायला गेला, तेव्हा किती घाबरला होता, आठवतंय?" आणि बाबा म्हणाले, "सांग ना. हिला ठाऊक नाही ते."